फास्टिंग १९० आली, आता कोणाला धरायचं?

सकाळी बाबांनी बोटाला टोचलं, स्ट्रिपला थेंब लावला, मशीनने उपाशीपोटीची शुगर १९० दाखवली आणि घरात कोर्ट भरलं. आई म्हणाली रात्री उठून काहीतरी तोंडात टाकलं असणार यांनी, भाऊ म्हणाला चालायला जात नाहीत ना मग दुसरं काय होणार, मी पण मागे नव्हते, "बाबा खरं सांगा हं" म्हणून मोकळी झाले. बाबा एक शब्द बोलले नाहीत. मशीन पाऊचमध्ये टाकलं, चेन लावली आणि पेपर उघडून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शुगर तपासलीच नाही, तिसऱ्या दिवशी पण नाही, आणि आम्हाला वाटलं चला, विषय संपला.

विषय संपला नव्हता, फक्त दिसायचा बंद झाला होता. मला स्वतःला टाइप २ आहे, नऊ वर्षं झाली, बाबांचा त्याहून बराच जुना आणि ते इन्सुलिनवर आहेत. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, पण इतकी वर्षं ह्या आजाराबरोबर राहून आणि थोडं वाचून एक गोष्ट पक्की कळली, की डायबेटीसमध्ये माहिती कमी पडते म्हणून लोक अडकतात असं फारसं होत नाही. गोड कमी खा, चाला, गोळ्या वेळेवर घ्या, हे कोणाला माहीत नाही सांगा. अडकायला होतं ते "सगळं केलं तरी १९० का आली" इथे. आणि ह्या "का" चं उत्तर शोधायची एक पद्धत असते, तिला प्रॉब्लेम सॉल्व्हिंग म्हणतात, ती शिकता येते, आणि ती कोणी शिकवत नाही. म्हणजे शिकवतात, पण फार कमी जणांपर्यंत पोचते.

साधा हिशोब करा. वर्षात ८,७६० तास असतात. त्यातले डॉक्टरसमोर किती जातात, सगळ्या भेटी धरल्या तरी दोन-चार तास. बाकीचे सगळे तास आपले आपण असतो. मीटिंग लांबली, जेवण उशिरा झालं, ताप आला, प्रवासात इन्सुलिनचं पेन घरी राहिलं, लग्नात आग्रह झाला, झोप झाली नाही, ह्यातलं काहीही प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेलं नसतं. म्हणून अमेरिकेत डायबेटीस शिकवणाऱ्या तज्ज्ञांच्या संघटनेने पेशंटला यायलाच हव्यात अशा ज्या ७ गोष्टी ठरवल्यात त्यात खाणं, हालचाल, औषधं, तपासणी, पुढचे धोके टाळणं आणि मनाने निभावणं ह्यांच्या बरोबरीने प्रॉब्लेम सॉल्व्हिंग ही वेगळी गोष्ट म्हणून धरलेली आहे. मला विचाराल तर बाकीच्या सहा गोष्टी ज्या दिवशी बिघडतात त्या दिवशी हीच एक कामाला येते.

ह्याचं मूळ डायबेटीसमधलं नाहीच. १९७१ मध्ये डीझुरिला आणि गोल्डफ्रीड ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की रोजच्या आयुष्यातले प्रश्न सोडवणं हे कौशल्य आहे, पोहण्यासारखं, शिकवलं की येतं. त्यातून पुढे जे काम झालं त्यात माणसं अडचणीला तीन तऱ्हांनी भिडतात असं सांगितलंय. एक शांतपणे विचार करून, दुसरे घाईत जे सुचेल ते करून, तिसरे टाळून. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं कारण आमच्या घरात दोन नमुने हजर होते. भाऊ दुसऱ्या प्रकारातला, १९० बघून "आजपासून रात्रीचं जेवण बंद" असं जाहीर करणारा (इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचं जेवण असं परस्पर बंद करणं किती धोक्याचं आहे ते पुढे येईलच), बाबा तिसऱ्या प्रकारातले, मशीनची चेन लावून पेपर वाचणारे. पहिल्या प्रकारातलं कोणीच नव्हतं.

डायबेटीसमध्ये हे नीट बसवलं फेलिशिया हिल-ब्रिग्ज ह्या संशोधक बाईंनी. २००३ मध्ये त्यांनी जे मॉडेल मांडलं त्यात चार भाग आहेत आणि मला ते फार पटतात. पहिला, प्रश्न सोडवायची पद्धत माहीत असणं. दुसरा, प्रश्नाकडे बघायची वृत्ती, म्हणजे "हे सुटण्यासारखं आहे" असं वाटतं का "माझं नशीबच असं" असं वाटतं. तिसरा, आजाराबद्दलची माहिती. आणि चौथा, मागचा अनुभव पुढच्या वेळी वापरणं. बहुतेक ठिकाणी आपल्याला फक्त तिसरा भाग मिळतो, तो पण घाईघाईत, एका रंगीत कागदावर. आणि चौथा भाग तर आपण रोज वाया घालवतो, कारण मागच्या महिन्यात अशीच शुगर वाढली होती तेव्हा काय झालं होतं ते कुठे लिहिलेलंच नसतं. बाईंनी ह्यावर शिकवणीचा कार्यक्रम पण तयार केला आणि तो फार शिक्षण न झालेल्या लोकांनाही समजेल अशा साध्या भाषेत बेतला, म्हणजे हे फक्त एक्सेलमध्ये चार्ट काढणाऱ्यांचं काम आहे असं समजू नका.

तर परत बाबांच्या १९० कडे.

पद्धतीतली पहिली पायरी म्हणजे प्रश्न नीट मांडणं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा असतो. "शुगर कंट्रोलमध्ये नाही" हा प्रश्न नाही, ती कुरकुर आहे, तिला उत्तर असूच शकत नाही. कधी जास्त येते? सकाळी का जेवणानंतर? रोज का काही दिवस? कधीपासून? तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीएवनसी इथे फारशी मदत करत नाही कारण ती सरासरी असते, रिपोर्टमध्ये ७ टक्के आले म्हणजे सरासरी साधारण १५४, पण ती दिवसभर १५४ च्या आसपास राहून पण येते आणि कधी ६० कधी २५० असा झोपाळा खेळून पण येते. रिपोर्ट दोन्हींचा सेम.

त्यामुळे आम्हाला एका नर्सने सांगितलं ते केलं, ३ दिवस रोज ७ वेळा तपासायचं, तिन्ही जेवणांच्या आधी, तिन्ही जेवणांनंतर दोन तासांनी, आणि झोपताना. एरवी आपण काय करतो, रोज फक्त फास्टिंग बघतो, कारण सवय, आणि मग दिवसाच्या बाकीच्या २३ तासांत काय चाललंय त्याचा पत्ताच नसतो. स्ट्रिपा जास्त जातात हे खरं आहे, आणि सगळ्यांना ते परवडतंच असं नाही, त्यांनी रोज एकच जोडी बघावी, आज नाश्त्याच्या आधी आणि नंतर, उद्या दुपारच्या जेवणाच्या आधी आणि नंतर, परवा रात्रीची, असं फिरवत गेलं तरी आठवड्यात चित्र दिसायला लागतं. एकटा आकडा काही बोलत नाही, जोडी बोलते. जेवणाआधी १२० आणि नंतर २२० म्हणजे त्या जेवणाबद्दल किंवा त्या वेळच्या डोसबद्दल बोलायचंय, जेवणाआधीच २०० आणि नंतर २२० म्हणजे जेवणाचा दोष फार नाही, आधीचंच काहीतरी आहे.

बाबा तयार कसे झाले हे पण सांगते कारण ते सोपं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "बाबा, आकडा काही येऊदे, तो वाचून आम्ही तिघं एक शब्द बोलणार नाही, फक्त लिहायचं." आईने पहिल्याच दिवशी तोंड उघडलं आणि बाबांनी नुसतं बोट दाखवून गप्प केलं तिला. पण चाललं.

वहीत आलं ते असं. फास्टिंग १९०, मग १२४, मग २०८. दुपारचे आणि संध्याकाळचे आकडे साधारण ठीक. झोपताना तिन्ही दिवस १४० ते १६० च्या मध्ये. रात्रीचं जेवण तिन्ही दिवस जवळपास एकसारखं कारण आईने मुद्दाम तसंच केलेलं. म्हणजे खाणं तेच, झोपतानाची शुगर तीच, आणि सकाळ मात्र लॉटरी. मी वैतागून म्हटलं ह्यात काही पॅटर्नच नाही. तेव्हा मला कळलं नाही की पॅटर्न नसणं हाच सगळ्यात मोठा धागा होता.

दुसरी पायरी, संशयितांची यादी. इथे नियम एकच, पहिलं नाव सुचलं की थांबायचं नाही. सकाळची शुगर वाढायची कारणं भरपूर आहेत. पहाटे शरीर कॉर्टिसोल, ग्रोथ हार्मोन अशी हार्मोन्स सोडतं, लिव्हर साखर रक्तात ढकलतं, उठायची तयारी म्हणून, त्याला डॉन फिनॉमिनन म्हणतात आणि त्यात माणसाची काहीही चूक नसते, झोपलेला असतो बिचारा. रात्रीचा डोस कमी पडत असेल. जेवण फार उशिरा होत असेल. आजारपण, इन्फेक्शन, दुसऱ्या कशासाठी चालू असलेलं स्टेरॉइड, ताण. रात्री शुगर लो होऊन शरीर उसळून वर नेतं अशी एक कल्पना मायकेल सोमोजी नावाच्या केमिस्टने १९३० च्या दशकात मांडली होती, अजून खूप जण सांगतात, पण सतत शुगर मोजणारे सेन्सर आल्यावर दिसलं की रात्री लो झालेल्यांची सकाळ बऱ्याचदा कमीच असते, त्यामुळे ती आता तितकी मानत नाहीत. तरी तपासायला काय जातं.

आणि एक संशयित लोक कायम विसरतात, तो म्हणजे आकडाच चुकीचा असणं. बोटाला फळाचा रस लागलेला असेल आणि हात न धुता टोचलं तर मशीन ती साखर पण मोजतं. स्ट्रिपची डबी उघडी राहून दमट झाली असेल, तारीख उलटली असेल. सगळं नीट असलं तरी घरच्या मशीनला फरकाची सूट आहे, जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात १०० च्या वरच्या आकड्यांना १५ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे १९० दिसलं तेव्हा खरी शुगर १६० ते २२० च्या मधली काहीही असू शकते. त्यामुळे काल १४२ होती आज १५१ आली म्हणून दिवसभर तोंड पाडून बसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

मग एकेक नाव खोडायचं. हात साबणाने धुऊन तपासलं, तरी तेच. स्ट्रिपची तारीख ठीक. इन्सुलिनचं पेन कधी उघडलं ते कोणालाच आठवेना, बऱ्याच इन्सुलिनचं पेन उघडल्यावर २८ दिवस चालतं, काहींचं जास्त, आतल्या कागदावर दिलेलं असतं पण तो कागद वाचतो कोण, म्हणून नवं पेन काढलं आणि त्यावर मार्करने तारीख लिहिली. तरी सकाळ तशीच उड्या मारत होती. मग राहिली पहाटेची तपासणी.

तीन वाजता मी अलार्म लावून उठले. "बाबा, उठता का, बोट द्या फक्त." त्यांनी डोळे न उघडताच हात पुढे केला, जसा लहान मुलाला बिस्किट देताना करतो ना तसा, आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये मी थेंब घेतला. १८२. दुसऱ्या रात्री १२१. पहाटे तीनलाच फरक पडलेला होता, म्हणजे उजाडतानाच्या हार्मोन्सवर सगळं ढकलता येत नव्हतं, आणि रात्री उठून खाणं तर नाहीच, मी बाहेर हॉलमध्येच झोपले होते दोन्ही रात्री. आईचा संशयित सुटला. (तिने अजून माफी मागितलेली नाही.)

वही घेऊन परत नर्सकडे गेलो. तिने आकडे बघितले, बाबांना म्हणाली, काका, शर्ट वर करा, इंजेक्शन कुठे घेता दाखवा. बाबांनी बेंबीच्या उजवीकडे बोट ठेवलं. तिने तिथे तीन बोटं फिरवली, माझा हात धरून मला पण लावायला लावलं. कातडीखाली एक मऊ रबरी उंचवटा होता, अर्ध्या लिंबाएवढा. नुसतं बघून दिसत नव्हता, हाताला लागत होता. रोज त्याच जागी सुई टोचून टोचून कातडीखालची चरबी सुजून जमा होते, आणि त्या गाठीत सोडलेलं इन्सुलिन एखाद दिवशी नीट शोषलं जातं आणि एखाद दिवशी तिथेच रेंगाळतं. म्हणून ती लॉटरी. तिने विचारलं रोज तिथेच का घेता, तर बाबा म्हणाले, "तिथे दुखत नाही." आणि ते खरंच होतं, अशा गाठीवर सुई कमी दुखते, म्हणून तर माणूस परत परत तिथेच जातो. म्हणजे इतके महिने आम्ही त्यांच्या जिभेवर आरोप करत होतो आणि गुन्हेगार बेंबीच्या बाजूला बसला होता.

इथे एक फार महत्त्वाचं, कोणी हे वाचून लगेच जागा बदलणार असेल तर थांबा. गाठ सोडून चांगल्या जागी तोच डोस घेतला तर तो एकदम नीट लागू पडतो आणि शुगर धाडकन खाली येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारून, बहुतेक वेळा डोस कमी करून आणि जास्त वेळा तपासत हे करतात. बाबांचा डोस डॉक्टरांनी कमी केला. जागा रोज बदलायची, आधीच्या टोच्यापासून बोटभर लांब, आणि सुई दरवेळी नवी. गाठ लगेच जात नाही, महिने लागतात. पण सकाळची लॉटरी दोन आठवड्यांत बंद झाली.

आता ह्यात कोणी काही ग्रेट केलं का? नाही. जे नसतं केलं तर काय झालं असतं ते बघा पण, "फास्टिंग जास्त येतेय" एवढंच सांगितलं असतं तर डोस वाढला असता, तो वाढलेला डोस गाठीत गेला असता, आणि ज्या दिवशी चुकून चांगल्या जागी टोचलं असतं त्या दिवशी बाबा लो होऊन पडले असते.

सगळेच प्रश्न असे गुप्तहेरछाप नसतात. माझा तर फारच बोअरिंग होता. कारण मला माहीत होतं, उपाय पण माहीत होता, होत नव्हतं. दुपारच्या जेवणाआधी ११८ आणि दोन तासांनी २०४, ज्या दिवशी जेवून लगेच खुर्चीत बसते त्या दिवशी. ज्या दिवशी १५ मिनिटं चालते त्या दिवशी १६० च्या आसपास. चालताना स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फार वाट न बघता ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरची छोटी चाल एवढी उपयोगी पडते. हे सगळं कळून पण मी चालत नव्हते, आणि स्वतःला आळशी म्हणून झालं की पुढे काही नाही. आळशी हे पण कारण नाही, ती शिवी आहे, तिच्यावर उपाय काढता येत नाही.

मग मी अक्षरशः कागदावर लिहिलं की जेवण संपल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत नक्की काय होतं. काय होतं तर हात धुते, फोन बघते, दोन मेसेज कामाचे असतात, उत्तर द्यायला लॅपटॉपशी जाते, संपलं. म्हणजे अडचण चालण्याची नव्हती, फोनची होती. उपायांची यादी करताना वेडेवाकडे पण लिहायचे असतात, ते कापायचे नंतर, तर माझ्या यादीत चपला लॅपटॉपवर ठेवणं पण होतं. निवडलेला पहिला उपाय होता जेवणानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, तो दीड दिवस टिकला. दुसरा उपाय, त्या वेळेत येणारे कॉल चालत घ्यायचे. हा टिकला, कारण ह्यात फोन सोडावा लागत नाही.

उपाय निवडताना दोन गोष्टींचा मला खूप उपयोग झाला. एक म्हणजे केट लोरिग ह्यांनी स्टॅनफर्डमध्ये जुनाट आजारांच्या लोकांसाठी जे वर्ग सुरू केले त्यातला प्रश्न: हे तुझ्याच्याने ह्या आठवड्यात होईल ह्याची खात्री ० ते १० मध्ये किती? ७ पेक्षा कमी असेल तर प्लॅन बदल, छोटा कर. रोज ४५ मिनिटं चालणार ह्याला मी स्वतःला ३ दिले. आठवड्यातून चार दिवस दुपारी १५ मिनिटं, ८. दुसरी गोष्ट म्हणजे पीटर गॉलविट्झर ह्या मानसशास्त्रज्ञाचं "जर-तर". "मी चालायचा प्रयत्न करेन" असं नाही, "हात धुऊन झाले की कानात हेडफोन आणि पायात चपला" असं. आधीची एक ठरलेली घटना आणि तिला चिकटवलेली कृती, मध्ये विचार करायला जागाच ठेवायची नाही. ऐकायला बालिश वाटतं, मला पण वाटलं होतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम मात्र मोडू नका. लोक एकाच सोमवारी जेवण बदलतात, जिम लावतात, कोणीतरी सांगितलेला काढा पण सुरू करतात, शुगर उतरते, आणि मग श्रेय कोणाला? काढ्याला. नेहमी काढ्यालाच. एक बदला, आठवडाभर आकडे लिहा, मग पुढचं.

आता जिथे हे सगळं बाजूला ठेवायचं ती जागा. शुगर ७० च्या खाली आली, किंवा हातपाय थरथर, घाम, डोकं सुन्न असं काही झालं, तर तेव्हा वही काढायची नाही. १५ ग्रॅम पटकन लागणारी साखर, ग्लुकोजच्या गोळ्या, साधा ज्यूस किंवा पाण्यात विरघळवलेली साखर, १५ मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमी असेल तर परत तेवढंच. ५४ च्या खाली म्हणजे प्रकरण गंभीर. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं, डॉक्टरांनी दिलेलं ग्लुकागॉन (शुगर वर आणणारं औषध) असेल तर ते द्यायचं आणि मदत बोलवायची. चॉकलेट ह्या वेळी तितकं कामाचं नाही कारण त्यातल्या चरबीमुळे साखर लागायला वेळ लागतो. "का झालं" हा तपास शुगर वर आल्यावर, जेवण चुकलं होतं का, डोस दोनदा गेला का, काल खूप अंगमेहनत झाली का (व्यायामाचा परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत राहू शकतो), दारू घेतली होती का, कारण लिव्हर दारू निस्तरण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडायचं काम मागे पडतं आणि काही तासांनी लो होते.

आजारपणाचं पण तसंच. ताप, उलट्या सुरू असताना बसून विचार करता येत नाही, म्हणून तो विचार आधी, बरे असताना, डॉक्टरांबरोबर करून एका कागदावर लिहून ठेवायचा: कोणती गोळी थांबवायची, किती वेळा तपासायचं, किटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की रक्तात-लघवीत वाढणारं आम्ल) कधी बघायचे, शुगरचा कोणता आकडा आला की फोन करायचा. काही गोळ्या उलट्या-जुलाबात थांबवायला सांगतात. पण खाणं जात नाही म्हणून टाइप १ वाल्याने, म्हणजे ज्याचं शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही त्याने, इन्सुलिन पूर्ण बंद करणं, हे कधीच नाही, जीवावर बेततं. आणि एकूणच डोस वाढवणं-कमी करणं हे डॉक्टरांनी तुम्हाला तसा नियम लिहून दिला असेल तरच, नाहीतर आपला शोध घेऊन त्यांच्याकडे जायचं.

सेन्सर लावणाऱ्यांसाठी थोडं. दर पाच मिनिटाला आकडा म्हणजे दिवसाला २८८ आकडे, आणि एवढे आकडे बघून माणूस शहाणा होतोच असं नाही, वेडा पण होतो. सेन्सर रक्तात नाही, कातडीखालच्या पाण्यात मोजतो त्यामुळे थोडा मागे असतो, शुगर भराभर बदलत असताना तर जास्तच. एकेका आकड्याच्या मागे धावू नका, ७० ते १८० च्या मध्ये किती वेळ राहिली ते बघा, बऱ्याच मोठ्यांसाठी ७० टक्के, म्हणजे दिवसातले सुमारे १७ तास, हे ध्येय धरतात. आणि रोज एकाच वेळेला येणारा डोंगर शोधा.

आणि मनाचं. डायबेटीसचा म्हणून एक वेगळा थकवा असतो, डिप्रेशन नाही, पण रोज रोज तेच करून आलेला कंटाळा, भीती, चिडचिड. विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तो मोजायला २० प्रश्नांची यादी केली, म्हणजे ही तक्रार काही आपली एकट्याची नाही. त्या थकव्यात असलेल्या माणसाला पद्धत शिकवून उपयोग नसतो, त्याला आधी आरोपातून सोडवायला लागतं. घरच्यांनी "काय खाल्लंस?" च्या ऐवजी "आज काय वेगळं होतं?" विचारून बघावं. पहिल्या प्रश्नाला लोक खोटं बोलतात, मी पण बोललेय.

हे पण मान्य करते की प्रत्येक प्रश्न माणसाच्या हातात नसतो. ज्याची नाईट शिफ्ट दर आठवड्याला बदलते, ज्याला मधे उठून खायची परवानगीच नाही, ज्याला औषध पुरवून पुरवून घ्यावं लागतं, त्याला "जर-तर लिही" सांगणं म्हणजे चेष्टा आहे. तिथे पद्धतीचा उपयोग एवढाच की अडचण कुठे आहे ते स्पष्ट दिसतं आणि डॉक्टरांना "शुगर वाढते" ऐवजी "नाईटच्या आठवड्यात पहाटे चारला वाढते" असं सांगता येतं, मग औषधाची वेळ, प्रकार बदलता येतो का ते ते बघू शकतात.

आमच्या वहीत आता चार रकाने आहेत. वेळ, आकडा, टोचलं कुठे, आणि शेवटचा "वेगळं काय". शेवटच्या रकान्यात बाबा तारेसारखं लिहितात, "पाहुणे", "गुडघा", "झोप नाही". गेल्या रविवारी तिथे सकाळी ११ ला ६२ लिहिलेलं आणि पुढे "बागेत खणलं ३ तास, शनिवारी". खाली बारीक अक्षरात "साखर घेतली, १५ मि. नंतर ९४". मी काही विचारायच्या आत म्हणाले, "पुढच्या वेळी खणलं की त्या रात्री तीनला बघायचं. तू झोप, अलार्म मी लावलाय."